सरळ केलेल्या सीटा

सीट गरम होती.

हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. रोज सकाळी मी तीस-चाळीस सीटांना हात लावतो. त्या गार असतात, दवानं ओलसर असतात, कधी त्यांच्यावर पक्ष्यांची घाण असते, कधी कुणीतरी खालच्या बाजूला चिकटवून ठेवलेला च्युइंगगम बोटाला लागतो. त्याची किळस येत नाही असं नाही, पण ती रोजची किळस आहे, घरच्या मोरीसारखी. ही सीट गरम होती. म्हणजे आत्ता, दोन-तीन मिनिटांपूर्वी, कुणीतरी हिच्यावरून उतरलं होतं, सायकल खांबाच्या कुलपात अडकवली होती, सीटखालचा खटका उघडून सीट मागच्या बाजूला फिरवली होती, खटका पुन्हा लावला होता आणि मग गेलं होतं. मी मान वर केली. फूटपाथवरून एक बाई झपाझप चालली होती, खांद्याला पिशवी, एक तळहात अंगापासून लांब धरलेला. साखळीचं काळं लागलं असणार. तिला उशीर झाला होता हे तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं, तरी सीट फिरवायला ती थांबली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी खटका उघडला, सीट सरळ केली, खटका लावला. तिच्या अंगाची ऊब माझ्या तळहाताला लागून राहिली आणि मला एकदम ढवळून आलं. मी हात पँटला पुसला. मग बादलीत बुडवला. ऊब गेली असावी, पण हाताला ते पटेना.

उलटी सीट म्हणजे सायकल नादुरुस्त. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. थांब्यावरच्या पाटीवर कंपनीनं बारा नियम छापले आहेत, त्यांत हा नाही. लोकांनी तो आपापसात लावून घेतला. पंक्चर असेल, पायडल निखळलं असेल, साखळी उतरत असेल, तर ज्याला कळलं त्यानं सीट फिरवून ठेवायची, म्हणजे पुढचा फसत नाही. जो कधीही भेटणार नाही, त्याच्यासाठी. आणि माझं काम असं की सकाळी साडेआठच्या आत माझ्या भागातल्या बावीस थांब्यांवरच्या सगळ्या सीटा सरळ करायच्या. नऊ वाजता पालिकेच्या गाडीतून फोटो निघतात. कुलपात अडकलेली आणि सरळ सीटची सायकल म्हणजे चालू सायकल, असं करारात धरलेलं आहे. आमच्या सुपरवायझरला आम्ही टक्के म्हणतो, कारण तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलतच नाही. कामावर लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो होतो, "साहेब, यातल्या निम्म्या तर चालतच नाहीत."

"चालायला कोण सांगतंय? उपलब्ध आहेत ना?"

मी हसलो होतो. हे आठवलं की अजून तोंड कडू होतं. तो विनोद करत नव्हता आणि मी त्याला विनोद समजून हसलो, आणि त्या हसण्यावर माझी नोकरी पक्की झाली.

आमची कंपनी सायकलींची नाही. हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमची कंपनी काचांची आहे. फूटपाथवर माणसापेक्षा उंच काचेच्या पेट्या उभ्या आहेत, आत दिवा, आत तीन-तीन जाहिराती वर-खाली सरकतात, दर आठ सेकंदांनी एक. त्या पेट्या पंधरा वर्षं शहरभर उभ्या करू द्या, त्या बदल्यात तुम्हाला सायकली फुकट, असा सौदा झाला. फुकट ते पौष्टिक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण फूटपाथ होता चालणाऱ्यांचा, पालिकेनं तो कंपनीला दिला, आणि कंपनीनं त्यातलाच हातभर तुकडा सायकलीसकट परत केला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हे. म्हणून आमच्या कामालाही एक क्रम आहे आणि तो लेखी आहे. आधी काच, मग सायकल. काचेला स्वच्छ पाणी, निळं औषध, मऊ फडकं. काच झाली की त्याच बादलीतल्या पाण्यानं, जुन्या फडक्यानं, सायकली. पाणी बदलायचं नाही. नवीन पाणी पुढच्या काचेला.

काच पुसणं हे सोपं काम आहे असं लोकांना वाटतं. आतल्या बाजूला एक चेहरा असतो, माझ्या चेहऱ्याच्या तिप्पट, गुळगुळीत, रंध्रं नसलेला, आणि तो हसत असतो. बाहेरच्या बाजूला शहर असतं. शहर त्या चेहऱ्यावर थुंकतं, शिंकतं, डोकं टेकून फोनवर बोलतं आणि तेलकट गोल डाग ठेवून जातं. मुलं जीभ लावतात. थुंकणारे बहुतेक डोळ्यांवरच थुंकतात, त्यांचा नेम मी मानला आहे. मी नाकाशी नाक लावून ते सगळं पुसतो, आणि आठ सेकंद झाले की तो चेहरा वर सरकतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, तेवढ्याच गोड हसणारा, आणि माझ्या फडक्याखालची थुंकी आता त्याच्या गालावर असते. सुरुवातीला मला चेहऱ्यांची शिसारी यायची. मग थुंकीची. मग केव्हातरी ती फिरून माझ्यावर आली आणि तिथंच राहिली.

घरी हे माहीत नव्हतं. घरी मी सायकलींचं बघतो. बाबांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, एका जिन्याखालच्या खोपटात, जिथं उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. ते दुकान कंपनीच्या पेटीमुळे गेलं असं सांगितलं तर गोष्ट छान बसेल, पण तसं झालं नाही. ते त्याच्या खूप आधीच गेलं. लोकांनी स्कूटरी घेतल्या, बाबांचे गुडघे गेले, जिन्याच्या मालकानं तिथं पाण्याचा पंप बसवला. बाबा घरी बसले आणि घराला कान लावून बसले. कपडे धुण्याच्या यंत्राचा पट्टा सैल झाला की यंत्राच्या आधी बाबांना कळायचं. शेजारणीचा दरवाजा कुरकुरला की ते तेलाची पिचकारी घेऊन उठायचे, तिला न विचारता. दुकानात त्यांची एक रीत होती. दुरुस्त झालेली सायकल स्वतः एक फेरी मारल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. गुडघे दुखत असले तरी. गिऱ्हाईक घाईत असलं तरी. "पडायचंच असेल तर आधी मी पडीन," म्हणायचे आणि निघायचे, कान तिरका करून, पुढच्या चाकाकडे. मी लहानपणी दुकानाच्या तोंडाशी उभा राहून ते परत यायची वाट बघायचो, आणि ते कोपऱ्यावरून वळून दिसले की मला दर वेळी हायसं वाटायचं. मला ही नोकरी लागली तेव्हा ते जिना चढून वरच्या मजल्यावर सांगून आले, आमचा मुलगा सायकलींच्या कंपनीत लागला. काच हा शब्द मी उच्चारला नाही. चार वर्षं उच्चारला नाही.

अकराव्या थांब्यावर मी बादली खाली ठेवली आणि खिशात हात घातला. ते होतं. केसांचं निळं रबर. पंधरा दिवस मी ते रोज एका पँटमधून दुसऱ्या पँटमध्ये घालतो आहे. त्यात एक लांब केस अजून अडकलेला आहे, आणि बोट लागलं की तो बोटाभोवती गुंडाळतो. दुसऱ्याच्या केसाइतकं घाण वाटणारं काही नाही, आणि मी तो काढून टाकत नाही.

त्या दिवशी सकाळी चढावरच्या थांब्यावर, आठव्या, एका सायकलची सीट उलटी होती आणि शिवाय पुढच्या ब्रेकच्या दांडीला हे रबर तीन वेढे देऊन घट्ट बांधलेलं होतं. म्हणजे कुणा मुलीला नुसती सीट फिरवून पुरेसं वाटलं नव्हतं. तिनं केस मोकळे सोडले आणि नेमकं बोट ठेवून सांगितलं, दुखणं इथं आहे. मी दांडी दाबली होती का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता उत्तर खोटं वाटायला लागलं आहे. दाबली नव्हती. फोटोत काही लोंबताना दिसायला नको म्हणून मी रबर काढलं, खिशात टाकलं, सीट सरळ केली. सायकल क्रमांक अकराशे त्रेसष्ट. अकरा वाजता फोनवर तक्रार आली. थांबा एकोणीस, काच अस्वच्छ, तातडीचे. एकोणिसावा थांबा उताराच्या तळाशी आहे. मी चरफडत गेलो. टूथपेस्टची जाहिरात होती, बाईचे दात माझ्या तळहाताएवढे, आणि त्या दातांवरून हनुवटीपर्यंत एक तांबूस, वाळत आलेला ओघळ. कुणाचंतरी नाक फुटलं असेल, मी म्हटलं. शिवीही दिली. नुसत्या फडक्यानं तो निघेना, म्हणून फडक्याआडून नखानं खरवडला. पाणी तांबूस झालं. मग शेजारच्या खांबाला टेकवून ठेवलेली सायकल दिसली, पुढचं चाक वाकलेलं, आणि तिचा क्रमांक वाचला. तोच, अकराशे त्रेसष्ट. पण माणूस मोठा लबाड असतो. मी आधी तिथल्या सायकली पुसून घेतल्या, त्याच पाण्यानं. बाराला बायकोचा फोन आला. बाबा उतारावर सायकलवरून पडले, लोकांनी दवाखान्यात नेलंय, शुद्धीवर आहेत, मनगट मोडलंय, हनुवटीला टाके घातलेत. "तुझा नंबर सांगताच येईना त्यांना," ती म्हणाली, "आठवेचना म्हणे." बादली माझ्या पायाशी होती. मी काय पुसलं ते मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात बाबा मला पाहून ओशाळले. पडलेल्या माणसाला लाज का वाटावी, पण ते खरोखरच ओशाळले होते, हनुवटीवर पांढरी पट्टी, त्यामुळे तोंड नीट उघडत नव्हतं. "आवाज आला होता रे मला," ते म्हणाले. "निघतानाच. पुढच्या ब्रेकची वायर तुटत आली की एक बारीक कुरकुर येते, तशी. उतरणार होतो. पण सीट सरळ होती. लोक वापरत असणार. आणि तुझ्या भागातली सायकल. म्हटलं, पोराच्या हाताखालून गेलेली, हिला काय होणार? माझेच कान वाजतायत. पुढचं काही आठवत नाही, ब्रेक दाबला की नाही तेसुद्धा." मी त्यांचं पांघरूण नीट केलं. नीटच होतं ते. बोलायची वेळ तीच होती, आणि मी पांघरुणाचं टोक गादीखाली खोचत राहिलो.

आणि तेव्हापासून बाबांनी कान मिटले. मनगट जुळेल, टाके निघाले, पण हे निराळंच सुरू झालं. आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा आठ दिवसांपासून टक-टक करतो आहे. एरवी बाबांनी पहिल्या टकेला खुर्ची लावली असती. आता ते वर बघतात, मग आमच्या तोंडाकडे बघतात, आम्हाला ऐकू येतंय का ते ताडायला, आणि आम्ही काही बोलत नाही म्हटल्यावर मान खाली घालतात. बायको बोलत नाही कारण तिला वाटतं, पंख्याचा विषय काढला तर ते एका हातानं चढतील. मी बोलत नाही कारण मी हल्ली कशाबद्दलच बोलत नाही. रस्ता ओलांडताना त्यांनी परवा माझी बाही धरली. "गाडी येतेय ना? की नाही येत?" रस्ता रिकामा होता. आणि काल जेवताना, डाव्या हातानं घास जुळवत, कुणाकडे न बघता म्हणाले, "हत्यारांची पेटी देऊन टाकू. भंगारवाल्याला उद्या संध्याकाळी सातला बोलावलंय. आपल्या हातानं कुणाचा जीव जायला नको." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पेटीत तीन पिढ्यांचे पान्हे आहेत, आरे ताणायच्या किल्ल्या आहेत, टायर सोडवायच्या पट्ट्या आहेत ज्यांना बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. मी म्हणालो, "बघू." बघू म्हणजे काय? तोंडातून एक शब्द काढला की पेटी राहते. तो एक शब्द काढला की मी राहत नाही. एवढा सोपा हिशेब रात्रभर सुटत नव्हता, आणि आज सकाळी एका अनोळखी बाईच्या बुडाच्या उबेनं मला ओकारी आणली.

बाविसावा थांबा झाला तेव्हा पालिकेची गाडी कोपऱ्यावर आली होती. आतला माणूस काच खाली करून फोटो काढतो, उतरत नाही. मी बाजूला सरकलो, फोटोत येऊ नये म्हणून. दुपारी टक्के भेटला, खुशीत होता. "सत्त्याण्णव! शहरात आपला भाग पहिला. तुमच्या हाताला गुण आहे हो." त्यानं हात पुढे केला आणि मी तो घेतला. मऊ हात होता, कोरडा, कुठलंही पाणी न लागलेला. माझ्या हातांना निळ्या औषधाचा वास येतो, साबणानं जात नाही. हा वास बाबांनी कधी विचारला कसा नाही? ग्रीसचा वास त्यांना पाठ होता. चार वर्षं मी घरी येतोय आणि माझ्या हातांना एकदाही ग्रीसचा वास आलेला नाही. की त्यांनी विचारायचं टाळलं? हा विचार मला घरापर्यंत पुरला.

साडेसहाला पोचलो. पेटी दाराशी आणून ठेवलेली होती, पुसून. देऊन टाकायची वस्तू पुसून ठेवणारा माणूस. बाबा खुर्चीत, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत. बायको ओट्याशी. पंखा टक-टक करत होता. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच, धीर सुटायच्या आत, खिशातलं रबर काढून बाबांच्या समोर टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवशी तुमच्या सायकलच्या ब्रेकला बांधलेलं होतं. पुढच्या. कुणीतरी खूण केली होती. सीटही उलटी होती. मी काढलं ते. आणि सीट सरळ केली."

बायकोच्या हातातली पळी थांबली. बाबा त्या रबराकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो ती शिवीची. मला शिवी हवी होती. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला, हनुवटीवरची नवी कातडी ताणली गेली, आणि ते चक्क हसले.

"म्हणजे वायर खरंच गेली होती?"

"हो."

"पुढची?"

"पुढचीच."

"अगं ऐकलंस का!" ते माझ्या बायकोला म्हणाले. "मी म्हणत होतो ना, कुरकुर आली म्हणून! आली होती! कान शाबूत आहेत माझे." आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्या आनंदात माझ्यासाठी काहीच नव्हतं, ना राग, ना क्षमा. त्यांनी वर पाहिलं. "आणि ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय," ठणकावून म्हणाले. तेवढ्यात दारावर थाप पडली. भंगारवाला. बाबा स्वतः उठले. "काही द्यायचं नाही रे. चुकून बोलावलं तुला." दार लावून त्यांनी पेटी पायानं आत ढकलली, झाकण उघडलं, डावा हात आत घालून पान्हे चाचपले. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांचा हात पेटीत थांबला.

"पण सीट सरळ का केलीस?"

"तेच काम आहे."

"कसलं काम?"

"रोज सकाळी. उलट्या असतील त्या सरळ करायच्या. फोटो निघतात."

"दुरुस्त करून?"

मी टेबलावरचं रबर उचलून पुन्हा तिथंच ठेवलं.

"रोज किती?"

"तीस. चाळीस."

"आणि दुरुस्त कोण करतं?"

"बाबा, मी काचा पुसतो. जाहिरातींच्या."

ते मनातल्या मनात हिशेब करत होते. चार वर्षं, रोज चाळीस, आणि त्या चाळीसांवर बसून उताराला लागलेली माणसं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण ते पाहणं मी ओळखलं. काचेवर नव्या ओघळाकडे मी असाच बघतो, हात लावायच्या आधी.

बायकोनं जेवायला हाक मारली. पंधरा दिवस जेवायच्या आधी त्यांचा डावा हात मीच धुवून देतो, तांब्यानं पाणी घालून, बोटांच्या बेचक्यांत साबण लावून, कारण एका हाताला स्वतःला धुता येत नाही. मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या समोर वाकलो. त्यांनी हात पुढे केला नाही. झोळीतल्या प्लास्टरखाली सरकवून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "सूनबाई धुवेल."

ती आली. तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, तोही माझ्या बोटांना बोट न लावता, की मलाच तसं वाटलं. मी बाजूला सरकून उभा राहिलो. वर पंखा टक-टक करत होता, आणि आता तिघंही उघडपणे त्याच्याकडे बघत होतो. बेअरिंग गेलेलंच होतं. आठ दिवस आम्हाला सगळ्यांनाच ते ऐकू येत होतं.